धीर धरणारी माणसे

दिवाळी अंकासाठी काही तरी खुसखुशीत लिहावे, अशी संपादकांची मला दरवर्षी सूचना असते. यंदा ती सूचना मी थोडीशी मोडणार आहे, कारण मला एका जुन्या देण्याची कबुली द्यायची आहे. देणे फार मोठे नाही, अवघे सहाशे रुपयांचे. परंतु ते आपण लागतो आहोत, हे कळायला मला अठरा दिवस लागले; आणि त्यांतले सतरा दिवस सारा देश हिमालयातल्या एका डोंगराकडे डोळे लावून बसला होता.

गोष्ट २०२३ च्या दिवाळीची. ऐन वसुबारसेच्या दिवशी आमच्या सोसायटीच्या अंगणाखालून जाणारा पाण्याचा नळ फुटला. सोसायटीचा चिटणीस मी. मराठी शिकवणाऱ्या माणसाला दुसरे काम नसते, अशी आमच्या बिऱ्हाडकरूंची ठाम समजूत असल्यामुळे हे पद माझ्याकडे बिनविरोध चालत आलेले आहे. अंगणात नुकत्याच नव्या फरश्या बसवल्या होत्या. त्यांतली एकही फोडू देणार नाही, असे तळमजल्यावरच्या आजोबांनी मला बजावले. आणि अभ्यंगस्नानाला पाणी नसेल तर काय होईल ते बघा, असे आमच्या सौभाग्यवतीने.

धनत्रयोदशीला प्लंबरने दोन माणसे पाठवली. त्यांच्यातल्या एकाने भिंतीलगत खड्डा घेतला, त्यात उतरून तो पालथा झोपला आणि आखूड दांड्याच्या कुदळीने फरश्यांखालची माती आडवी कोरत आत शिरला. थोड्या वेळाने त्याचे नुसते तळपाय दिसू लागले. दुसरा माणूस खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला होता. मधूनमधून तो मातीचे घमेले ओढून घेई. एरवी त्या तळपायांवर एक हात ठेवून नुसता बसून राही. तीन तासांत नळ जोडला गेला आणि एकही फरशी हलली नाही.

मजुरी द्यायची वेळ आली. प्रत्येकी आठशे रुपये, असे त्यांचे म्हणणे. माझ्यातला चिटणीस जागा झाला. "अरे, काम तर सगळे तू केलेस," मी त्या खणणाऱ्याला म्हणालो. "हा नुसता बसून होता. याचे दोनशे धर." त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा सोबत्याकडे पाहिले, आणि "बरं साहेब" म्हणून हजार रुपये घेतले. मी सोसायटीच्या वहीत 'बचत रु. ६००' अशी नोंद केली. आमच्या खजिनदारांनी माझी पाठ थोपटली, हेही सांगून टाकतो.

रविवारी, १२ नोव्हेंबरला, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते. पहाटे साडेपाचला आमच्या घरी नळाला भरपूर पाणी होते. उटण्याचा वास सुटला होता, आणि चिरंजीव झोपेतच पाटावर येऊन बसले होते.

नेमक्या त्याच सुमारास उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सिलक्यारा येथे, बांधकाम चालू असलेल्या बोगद्याचा एक भाग खचला. यमुनोत्रीच्या वाटेवरचा हा बोगदा, लांबी सुमारे साडेचार किलोमीटर. तोंडापासून दोनशे-अडीचशे मीटर आत छत कोसळले आणि रात्रपाळीचे ४१ मजूर पलीकडे अडकले. झारखंडचे १५, उत्तर प्रदेशाचे ८, बिहार आणि ओडिशाचे पाच-पाच, बाकीचे बंगाल, आसाम, हिमाचल आणि खुद्द उत्तराखंडातले. त्यांच्या मागे अर्धवट बोगद्याची सुमारे दोन किलोमीटरची पोकळी होती. पुढे जवळजवळ साठ मीटर जाडीचा दगडमातीचा ढिगारा. अशा वेळी निसटून येण्यासाठी जी वेगळी वाट असावी लागते, ती तेथे तयार नव्हती. सुरुवातीला तर अडकलेल्यांचा आकडा चाळीस सांगितला जात होता. एक्केचाळिसावा माणूसही आत आहे, हे बाहेरच्या जगाला काही दिवसांनी कळले. त्या एका आकड्याने माझ्या मनात घर केले आहे. आपण आत आहोत हे बाहेर ठाऊकच नसलेला तो माणूस त्या दिवसांत काय विचार करीत असेल?

सुदैव एवढेच, की ढिगाऱ्यातून आरपार जाणारा चार इंची नळ शाबूत राहिला होता. त्यातून हवा गेली, चुरमुरे गेले, चणे गेले, सुकामेवा आणि औषधे गेली. आत वीज चालू होती. त्या मजुरांमध्ये एक अनुभवी फोरमन होता. तो बाकीच्यांना बोगद्यात फेऱ्या मारायला लावी, योगासने करायला लावी. सुटकेचे काम बाहेर चालू होते तसे ते आतही चालू होते, असे म्हटले पाहिजे.

बाहेर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, राज्याचे दल आले, लष्कराचे अभियंते आले, तेल कंपन्यांचे, रेल्वेचे आणि खाणींचे जाणकार आले. पहिला उपाय तुम्हाआम्हाला सुचेल तोच: यंत्रे लावून माती उपसायची. परंतु जेवढी उपसावी तेवढी वरून आणखी येई. तेव्हा ठरले, की ढिगारा हलवायचा नाही. त्याच्या पोटातून माणूस सरपटत येईल एवढा पोलादी नळ आडवा सरकवायचा. पहिले यंत्र कमी पडले. मग हवाई दलाच्या विमानांनी दिल्लीहून जबरदस्त ताकदीचे अमेरिकन यंत्र आणले. १७ नोव्हेंबरला नळ बावीस मीटर आत गेला असताना मोठा कडकडाट ऐकू आला आणि काम थांबवण्यात आले.

त्या दिवशी आमच्या दिवाणखान्यात बराच संताप झाला. चिवड्याची बशी हातात घेऊन मीच म्हणालो, "इतके दिवस झाले, काय करताहेत काय ही मंडळी? थांबतात कसली!" घराघरांत हेच बोलणे चालले असणार. पण थांबणे हाच या विद्येतला सर्वांत अवघड भाग आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. समोर डोंगर, डोंगराच्या आत ४१ जीव, बाहेर त्यांचे नातेवाईक, त्यांच्या मागे कॅमेऱ्यांची रांग. आणि अशा गर्दीत एका माणसाने हात वर करून 'थांबा' म्हणायचे. आणखी चार मीटर रेटले असते तर कोणी त्याला नावे ठेवली नसती. छत पुन्हा कोसळले असते तर मात्र नावे ठेवायलाही अर्थ उरला नसता.

आंतरराष्ट्रीय बोगदा संघटनेचे ऑस्ट्रेलियन अध्यक्ष अर्नोल्ड डिक्स मदतीला आले होते. माणसे केव्हा बाहेर येतील, असे त्यांना जो तो विचारी. नाताळपर्यंत ती आपापल्या घरी असतील, असे ते म्हणाले, तेव्हा लोकांच्या पोटात गोळा आला. नाताळ म्हणजे आणखी महिना! खोटा दिलासा देणे सोपे होते. त्यांनी तो दिला नाही.

२० नोव्हेंबरला सहा इंची नळ पलीकडे पोचला आणि आठ दिवसांनी त्या माणसांच्या तोंडी गरम खिचडी पडली. बाटल्यांत भरून पाठवली होती. दुसऱ्या दिवशी त्याच नळातून बारीक कॅमेरा गेला आणि हेल्मेट घातलेले, दाढ्या वाढलेले चेहरे साऱ्या देशाने पाहिले. मोठा नळही हळूहळू पुढे सरकत होता. अखेर २४ तारखेला, सुमारे सत्तेचाळीस मीटरांवर, त्या अजस्र यंत्राची पाती आतल्या लोखंडात अडकली, पिळवटली आणि तुटली. ज्या नळातून माणसे बाहेर काढायची, त्याच नळात तुटलेले पोलाद रुतून बसले. हैदराबादहून आणलेल्या प्लाझ्मा कटरने ते तुकड्यातुकड्याने कापून बाहेर ओढावे लागले. दुसरीकडे डोंगराच्या माथ्यावरून ८६ मीटर खोल उभे भोक पाडायलाही सुरुवात झाली, कारण एकाच वाटेवर भरवसा ठेवायचा नाही, हा या कामाचा नियम आहे.

इकडे भाऊबीज होऊन गेली होती. गढवालात दिवाळीनंतर अकराव्या दिवशी इगास नावाची दुसरी दिवाळी असते; तीही गेली. तुळशीची लग्ने लागली.

आणि मग २७ नोव्हेंबरला ती बारा माणसे आत शिरली.

वर्तमानपत्रांनी त्यांना 'रॅट होल मायनर' म्हटले. उंदराप्रमाणे बीळ करीत जाणारी माणसे. मेघालयात कोळशाचे थर इतके पातळ असतात, की जेमतेम माणूस मावेल अशी भोके पाडून कोळसा काढण्याची तेथे पद्धत होती. फार माणसे त्यात मेली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तरीही चोरून खाणी चालत राहिल्या. १३ डिसेंबर २०१८ रोजी मेघालयातल्या क्सान गावी अशाच एका खाणीत पाणी घुसले आणि १५ मजूर आत राहिले. नौदलाचे पाणबुडे गेले, मोठमोठे पंप लागले, आठवड्यांमागून आठवडे गेले. कोणीही जिवंत परत आले नाही. ज्या कसबाला कायद्याने बंदी आहे आणि ज्याने इतक्यांचे जीव घेतले, त्याच कसबावर सिलक्याऱ्यात ४१ जीव टांगलेले होते.

ही बारा माणसे मात्र कोळशाच्या खाणीतली नव्हती. दिल्लीसारख्या शहरांत रस्ते न फोडता जमिनीखालून पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ टाकणे हा त्यांचा धंदा. तुमच्याआमच्या फरश्या शाबूत राहाव्यात म्हणून पालथे झोपून माती कोरणारी माणसे! हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या अंगणातले ते दोन तळपाय आठवले.

नळाचा व्यास ८०० मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटांहून थोडा जास्त. त्यात दोघेतिघे जात. एक हाताच्या हत्याराने खणी, दुसरा माती गोळा करी, तिसरा ती ढकलगाडीत भरी. बाहेरचे दोराने गाडी ओढून घेत. मध्ये लोखंडी सळया आल्या की गॅस कटरने कापायच्या. त्या कोंडवाड्यात ज्योतीची धग आणि धूर काय असेल, याची कल्पना करा. थोडे खणले की नळ तेवढाच पुढे ढकलायचा. दमले की पाळी बदलायची. यंत्र जेथे तुटले होते त्यापुढचे सुमारे दहा-बारा मीटर त्यांनी एका दिवसाच्या आसपास पार केले.

२८ नोव्हेंबरला शेवटचा दगड निघाला आणि त्यांच्यातला एक जण पलीकडे उतरला. त्याने नंतर सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आतल्या मजुरांनी त्याला मिठी मारली आणि खायला बदाम दिले. सतरा दिवस नळातून येणाऱ्या घासांवर जगलेल्या माणसांनी आलेल्याला पहिल्यांदा काय केले, तर पाहुणचार!

त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आत गेले. चाके लावलेल्या स्ट्रेचरवरून नळातून माणूस कसा ओढायचा, याची तालीम त्यांनी आधीच करून ठेवली होती. आपल्यातल्याच एकाला निजवून त्याला ओढून पाहिले होते. रात्री आठच्या सुमारास पहिला मजूर बाहेर आला आणि तासाभरात सर्व ४१ बाहेर आले. आमच्या घरी सौभाग्यवतीने उरलेल्या पणत्या काढून दारात लावल्या. मी काही बोललो नाही. मला सारखे माझ्या वहीतले 'बचत रु. ६००' दिसत होते.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी माझ्या नेहमीच्या खोडीप्रमाणे शब्दांचा विचार करू लागलो. अशा माणसांचे कौतुक करताना आपण पटकन 'साहस' म्हणतो. आज हा शब्द गौरवाचा आहे. पण जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे चक्क बळजबरीचा गुन्हा. पुढचामागचा विचार न करता केलेली झडप. सिलक्याऱ्याला जे चालले होते ते तसे नव्हते. त्याला आपल्याकडे दुसरा शब्द आहे: धीर. तळणीतल्या चकलीकडे हात नेणाऱ्या पोराला आपण 'धीर धर' म्हणतो आणि ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्यालाही 'धीर धरा' म्हणतो. वाट पाहणे आणि न घाबरणे या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधल्या आहेत. शोध आणि बचावाचे काम करणाऱ्यांच्या अंगी नेमक्या याच दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात.

पडलेल्या इमारतीतल्या शोधाचेच पाहा. मी आजवर समजत होतो, की तेथे सगळा गलका, धावपळ आणि यंत्रांची घरघर. असते, पण मधूनच सर्व यंत्रे बंद करतात. कोणी बोलायचे नाही, कोणी पाऊल वाजवायचे नाही. मग ढिगाऱ्याच्या फटीतून हाक घालतात, ठोकतात आणि कान देऊन बसतात. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर आपल्या दलाच्या तुकड्या तुर्कस्तानात गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर ज्युली आणि रोमिओ नावाचे दोन कुत्रे होते. एका ढिगाऱ्यापाशी ज्युली भुंकली. जवानांनी लगेच फावडी उचलली नाहीत. त्यांनी रोमिओला आणले. तोही त्याच जागी भुंकला, तेव्हाच खणायला सुरुवात झाली आणि सहा वर्षांची एक मुलगी जिवंत निघाली. साक्ष पक्की झाल्याखेरीज हात घालायचा नाही. आमच्या संशोधकांनीही हे शिकण्यासारखे आहे!

परंतु धीराला दर वेळी यश येतेच असे नाही, आणि हे सांगितल्यावाचून या माणसांचे पुरते मोल कळणार नाही. त्याच वर्षी, १९ जुलैच्या रात्री, आपल्या रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मोठी यंत्रे चढणे शक्य नव्हते. दलाचे जवान, अग्निशमन दलाचे लोक आणि सह्याद्रीत गिर्यारोहण करणारी आपली पोरे भर पावसात चिखलवाटेने पायी चढली आणि कुदळी-फावड्यांनी खणू लागली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी त्या चढावरच कोसळला आणि गेला. चार दिवसांत २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडली नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला. तेथे त्यांच्यासाठी टाळ्या नव्हत्या, कॅमेऱ्यांसमोर हार नव्हते. चिखलाचे बूट पायात घेऊन ती माणसे खाली उतरली आणि पुढच्या वर्दीला पुन्हा निघाली. सिलक्याऱ्याचा आनंद माझ्यासारख्याला सहज घेता येतो. इर्शाळवाडीहून रिकाम्या हातांनी उतरण्याला लागणारा धीर मला मोजता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लंबरकडे निरोप ठेवला. संध्याकाळी ती दोन माणसे दारात उभी राहिली, जरा बावरलेली. नळ पुन्हा गळतो आहे की काय, असे त्यांना वाटले असावे.

"बसा," मी म्हणालो. धनत्रयोदशीला मी त्यांना अरेतुरे केले होते, हे तेव्हा आठवले. सौभाग्यवतीने चहा आणि डब्याच्या तळाशी उरलेली शंकरपाळी आणून ठेवली. मी सहाशे रुपये त्या दुसऱ्या माणसापुढे धरले. त्याने ते घेतले नाहीत, सोबत्याकडे पाहिले.

"हे कशाचं, साहेब?" खणणाऱ्याने विचारले.

"माझी मोजणी चुकली होती," मी म्हणालो. मग सिलक्याऱ्याची गोष्ट निघाली. त्याने मोबाइलवर सगळे पाहिले होते. मी विचारले, "तुम्हाला आत जाताना भीती नाही का वाटत?"

"भ्या तर वाटतंयच की," तो म्हणाला. "माती काय कुनाची सोयरी नसती. पन बाहेर मेव्हणा बसलेला असतो." त्याने सोबत्याकडे मान वळवली. "त्याचा हात माझ्या पायावर असतो. आत असलं म्हंजी मला वरची माती दिसत न्हाई, त्याला दिसती. जरा हलली की त्यानं वढायचं, मी इचारायचं न्हाई. दोनदा वढलंय त्यानं मला."

"आणि मेव्हणे कामावर नसले तर?"

"तर मी आत जात न्हाई, साहेब. त्या दिवशी दुसरं काम बघायचं."

मेव्हण्याने शंकरपाळे तोंडात टाकले आणि पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "तुमचं काम लई नाजूक हुतं. वरच्या फरशा नवीन, चुना वला. माजा हात अवघडला हुता त्या दिवशी."

मी मान खाली घातली. तीन तास ज्याने डोळा हलवला नाही, त्याच्याबद्दल 'नुसता बसून होता' असे मी एका आवंढ्यात म्हणून गेलो होतो, आणि वर वर्गात शब्द जपून वापरावेत म्हणून मुलांना बजावतो.

त्या सिलक्याऱ्याच्या बोगद्याचे दोन्ही बाजूंचे खोदकाम पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये एकमेकांस मिळाले. त्यातून गाड्या जाऊ लागल्या, म्हणजे यमुनोत्रीला जाणारे यात्रेकरू काही मिनिटांत डोंगर ओलांडतील आणि बहुतेकांना त्या सतरा दिवसांची आठवणही असणार नाही. त्यात त्यांचा दोष नाही. आपण रोज नळ सोडतो तेव्हा तरी कुठे कोणाची आठवण काढतो?

आता एवढीच गोष्ट उरली. सोसायटीच्या वहीतली 'बचत रु. ६००' ही नोंद मी खोडली आणि तिच्याखाली खर्चाची नवी नोंद केली. खजिनदारांनी चष्मा वर करून विचारले, "चिटणीस, हा खर्च कोणत्या सदरात टाकायचा?"

मी लिहिले होते, तेच त्यांना वाचून दाखवले: 'पायावर हात ठेवून बसल्याबद्दल, तीन तास.'

असे सदर आमच्या वहीत नाही, असे ते म्हणतात. अजून आमचा वाद चालू आहे.